पुऱ्या किमतीचा डबा

मित्रांनो, मी एक जुना गेमचा डबा आहे. टीव्हीला जोडायचा, बटणं हातात घ्यायची आणि पडद्यावर कुणालातरी पळवत सुटायचं, तोच डबा. कन्सोल असं माझं भारदस्त नाव आहे, पण आमच्या गल्लीत मला सगळे डबाच म्हणतात. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे, अंगाला सॉसचा वास येतो आणि मला स्वस्थ बसवत नाही. बंद असलो तरी आत काहीतरी गरगरत असतं. त्यात कुणी "हा केवढ्याला घेतला?" असं विचारलं की विचारू नका!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ओसाकात राहून बघा, मग कळेल. आमच्याकडे कुणी नवा सदरा घातला तर "छान दिसतोय" असं म्हणून कुणी थांबत नाही. सदरेवालाच समोरच्याला अडवतो आणि विचारतो, "ओळख बरं, केवढ्याला?" समोरच्यानं मोठा आकडा सांगायचा, मग सदरेवाल्यानं छाती फुगवून खरा, लहानसा आकडा सांगायचा. जितका आकडा लहान तितकी मान ताठ. तोक्योत म्हणे उलटं असतं, तिथे महाग घेतलं की मिरवतात. आमच्याकडे महाग घेतलं की लोक कीव करतात.

हे मला पुढे कळलं. जन्मलो तेव्हा मी अगदी भोळा होतो. एका लांबलचक कारखान्यात माझ्या पोटात तारा, पट्ट्या आणि एक चिमुकला पंखा बसवला गेला. शेवटी एका बाईनं माझ्या तळाला रबराचे चार पाय चिकटवले आणि अंगठ्यानं दाबून पाहिले. तिनं इतक्या काळजीनं दाबले की मला वाटलं, आपण फार मोलाचे दिसतोय. त्या भ्रमातच मी खोक्यात बसून ओसाकाला आलो.

निप्पोनबाशी म्हणजे आमचा विजेच्या सामानाचा बाजार. तिथे गोंदांचं छोटंसं दुकान होतं. दिवे, पंखे, भात शिजवायची भांडी आणि एका फळीवर आमच्यासारखी खेळणी. गोंदा काटकुळे, साठीला टेकलेले. चष्मा कपाळावर चढवायचे आणि मग तोच चष्मा दुकानभर शोधत बसायचे. मी त्यांच्याकडे आलो त्या दिवशी कंपनीचा टायवाला माणूस भिंतीवर माझं चित्र लावायला आला होता.

"गोंदासाहेब, हा डबा बनवायला आम्हाला किती लागतात माहीत आहे? विकतो त्याच्यापेक्षा जास्त!"

"मग पुण्य कमवायला निघालात की काय?"

"कमाई गेममध्ये हो. एकदा डबा घरात शिरला की माणूस वर्षानुवर्षं गेम घेत राहतो. प्रत्येक गेममागे आम्हाला सुटतात. डब्याचा तोटा तिथून भरून निघतो."

"बरं, आणि डबा विकून मला काय सुटतं?"

टायवाला चहा पीत हसला. "तुमच्याकडे गिऱ्हाईक येतं ना!"

"म्हणजे तुम्ही पिताय त्या चहाचेसुद्धा नाहीत," गोंदा म्हणाले. "एक सांगा, याचा दर लगेच उतरणार तर नाही?"

"छे छे! दोन वर्षं हलणार नाही. शब्द देतो."

खोक्याच्या फटीतून हे ऐकलं आणि माझा भ्रम उतरला. मोलाचे कसले! बनवणाऱ्याला तोटा, विकणाऱ्याला हात चोळणं, आणि सगळी आशा पुढे येणाऱ्या गेमांवर. आणि गेम आलेच नाहीत तर? तेव्हापासून ही धाकधूक माझ्या मागे लागली, ती अजून सुटलेली नाही.

फळीवर बसून मी दुकान बघायचो. सुरुवातीला मला वाटायचं, इथे रोज भांडणं होतात. कुणी पंखा उचलायचं आणि ओरडायचं, "महाग!" गोंदा कपाळाला हात लावायचे. मग हळूहळू लक्षात आलं, ही घासाघीस म्हणजे यांचं बोलणंचालणं आहे. ज्याच्याशी घासाघीस करतात तो आपला. ज्याला मुकाट्यानं पैसे देतात तो परका.

या खेळातली सगळ्यात पक्की खेळाडू म्हणजे इकुयो. शेजारच्या गल्लीत तिची खानावळ होती. मोठ्या तव्यावर कोबीची जाड धिरडी, म्हणजे ओकोनोमियाकी, ती गिऱ्हाइकांसमोरच भाजायची. गोंदा आणि ती शाळेत एका बाकावर बसलेली. मी आलो त्याच आठवड्यात ती दिवा घ्यायला आली आणि मी त्यांचा खेळ पाहिला. आधी ती म्हणाली, "महाग!" मग म्हणाली, "शाळेत माझी रबरं चोरलीस, ती वळती कर." मग पिशवी उचलून दाराकडे चालायला लागली. नियम असा होता की तिचा पाय उंबरठ्याबाहेर पडायच्या आत गोंदांनी "अगं थांब!" म्हणायचं. इतक्या वर्षांत त्यांनी तिला एकदाही उंबरठा ओलांडू दिला नव्हता.

मला त्या दिव्याचा हेवा वाटला. वाटलं, आपल्यावरही अशी घासाघीस व्हावी.

विक्री सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी इकुयो आली, सोबत तिची नात चिसातो. दहा वर्षांची. तिच्या आईची तोक्योहून इकडे बदली झाली होती. आई कामावरून उशिरा यायची, म्हणून शाळा सुटली की पोरगी आजीच्या खानावळीत. शाळेत तिला कुणी मैत्रीण नव्हती. तिचं तोक्योचं गुळगुळीत बोलणं ऐकून वर्गातली मुलं तिची नक्कल करायची. ती माझ्यासमोर हात पाठीमागे बांधून उभी राहिली, जणू हात लावला तर मी मोडेन.

"चाळीस हजार येन," गोंदा म्हणाले आणि पुढच्या हल्ल्यासाठी सावरून बसले.

इकुयोनं "महाग" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात चिसातोनं तिची बाही ओढली आणि हळूच म्हणाली, "आजी, महाग असेल तर नको गं."

इकुयोचं तोंड तसंच मिटलं. "दे," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"दे म्हटलं ना! बहिरा झालास का?"

गोंदांच्या कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला. इकुयोनं पैसे ठेवले, पण हात वर तसाच दाबून धरला. "दर उतरणार नाही ना रे?"

"कंपनीच्या माणसानं शब्द दिलाय. दोन वर्षं. माझाही शब्द धर."

मग तिनं हात काढला. गोंदांनाच कसंतरी झालं असावं. त्यांनी गल्ल्याखालून मांजराचं चित्र असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पिशवीत सरकवलं. "हे घे, फुकट."

"अरे, दोन महिने होऊन गेले की वर्षाचे!"

"म्हणून तर फुकट!"

असा मी त्या दुकानातून घासाघीस न होता गेलेला एकटाच. अभिमान वाटायला हवा होता. वाटला नाही.

पण पुढचे महिने, मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सोन्याचे महिने होते. दुपारचं जेवण उरकलं की खानावळ संध्याकाळपर्यंत बंद असायची. तेव्हा चिसातो मला तिथल्या टीव्हीला जोडायची. गेम म्हणाल तर मोजकेच. त्यातला एक गोगलगायीचा. पाठीवर दिवा घेऊन तिला डोंगरावर जायचं असतं आणि वाटेत वारा दिवा विझवायला टपलेला. खेळायचा जोर चिसातोचा, आरडाओरडा आजीचा.

"अगं उजवीकडे! उजवीकडे! तिकडे भिंतीवर कुठे चढतेस मेले!"

"आजी, ती हळूच चालते. गोगलगाय आहे ना."

"हळू चालते तर घरातून लवकर निघायचं!"

कोपऱ्यातल्या स्टुलावर गोंदा असायचे. रोज दुपारी ते तिथेच जेवायचे आणि पैसे देताना "पाच येन कमी कर" म्हणायचे. जेवण झालं तरी उठायचे नाहीत, गोगलगाय पडली की तेही "अरेरे" करायचे. अशाच एका दुपारी चिसातो पोट धरधरून हसली. इकुयोनं उलथणं खाली ठेवलं आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ कोबी चिरत बसली. त्या दिवशी फार कोबी चिरला गेला.

मी मात्र मनातून धास्तावलेला. नवे गेम काही येईनात. लोक म्हणायचे, गेम नाहीत तर डबा कशाला घ्यायचा? गेम बनवणारे म्हणायचे, डबेच खपत नाहीत तर गेम कुणासाठी बनवायचे? दोघं एकमेकांचं तोंड बघत बसले आणि मधल्यामध्ये मी.

उन्हाळा लागला. एका दुपारी खानावळ गच्च भरलेली असताना टीव्हीवर माझंच चित्र झळकलं. मी हरखलो. पुढच्याच क्षणी बातमी देणारी बाई म्हणाली की या डब्याची किंमत आता पंचवीस हजार येन. इतक्या लवकर एवढी कपात फारशी कुणी पाहिलेली नव्हती म्हणे.

हिगाशिनो नावाचा मासेविक्या तव्यासमोरच बसला होता. त्याचं तोंड म्हणजे गल्लीचा भोंगा. "मावशी, हाच ना तुमच्याकडचा? तुम्ही तर आधीच यापेक्षा स्वस्तात पाडला असणार. सांगा बरं, केवढ्याला?"

सगळ्यांनी हातातल्या जेवायच्या काड्या थांबवल्या. मावशीचा आकडा ऐकायची गल्लीला सवय होती. इकुयो काही बोलायच्या आत चिसातो उभी राहिली. बिचारी तोक्योची पोर. डोळे चमकवत, मोठ्या अभिमानानं म्हणाली, "चाळीस हजार! माझ्या आजीनं पुरे चाळीस हजार दिले!"

क्षणभर कुणाला खरंच वाटलं नाही. मग जो हशा पिकला!

"इकुयो मावशी आणि पुरी किंमत?" हिगाशिनो मांडीवर थाप मारत म्हणाला. "उद्या माझे उरलेले मासेही तुम्हीच घ्या. डोक्यांचे पैसे वेगळे लावीन!"

कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण इकुयोचे कान लालबुंद झाले. तव्यावरचं धिरडं करपलं. तिनं ते कचऱ्यात टाकलं आणि कोपऱ्याकडे वळली. गोंदांचा घास काड्यांतच राहिला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"नव्हतं गं. मलाही आत्ताच कळतंय. याच टीव्हीवर."

"दुकानदाराला माहीत नसतं तर कुणाला असतं? दोन वर्षं म्हणालास. शब्द धर म्हणालास."

"इकुयो, मला त्यांनीच..."

"आजवर मी तुझे भाव पाडले. सगळं एका दिवसात वसूल केलंस, हो ना?"

खानावळीतलं हसणं थांबलं. गोंदा उठले. त्यांनी जेवणाचे पैसे तव्याच्या कडेला ठेवले. पाच येन कमी कर, असं म्हणाले नाहीत. पुरे पैसे ठेवले आणि निघून गेले. मी ओसाकात नवा होतो, पण तेवढं मलाही कळलं.

त्याच संध्याकाळी इकुयोनं मला कापडात बांधून खानावळीच्या फ्रिजवर टाकलं. तेव्हाच माझ्या कोपऱ्याचा टवका उडाला.

"आजी, त्या बिचाऱ्यानं काय केलं?" चिसातोनं विचारलं.

"डोळ्यांसमोर नको मला तो. संपलं."

फ्रिजवर फार गरम होतं, मित्रांनो. खालून वाफ, तेल, सॉसचे शिंतोडे. कापडातून सगळं झिरपत माझ्या जाळीत शिरायचं. मला दिसत काही नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं. दुपारी आता कोपऱ्यातलं स्टूल कधी सरकायचं नाही. खानावळीचा पंखा बिघडला तेव्हा इकुयो स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून नवा घेऊन आली. कुणीतरी विचारलं, "केवढ्याला?" ती म्हणाली, "लिहिले होते तेवढे दिले." विचारणाऱ्याला ठसकाच लागला.

एक दिवस हिगाशिनोचा आवाज आला. या खेपेला तो हळू बोलत होता. "मावशी, गोंदाच्या दुकानात छतापर्यंत डबे रचलेत. जुन्या भावानं उचललेले, नव्या भावानं विकतोय. एकेका डब्यामागे मार खातोय. मोठ्या दुकानांना कंपनीनं काहीतरी भरपाई दिली म्हणे, या छोट्याला कोण विचारतो! दुकान आवरून नागोयाला मुलाकडे जायचं चाललंय त्याचं."

"जाऊ दे जातोय तर," इकुयो म्हणाली. पण उलथणं तव्यावर इतकं जोरात आपटलं की फ्रिजवर मी दचकलो.

माझा जीव टांगणीला लागला होता. या दोघांचं माझ्यापायी मोडलं, आणि मला तोंड नाही. शाळेतल्या जुन्या बाकाचं नातं एका टीव्हीवरच्या आकड्यानं तुटावं?

आणि गंमत बघा, कपातीचा उपयोग झाला होता! स्वस्त होताच मोठ्या दुकानांतून डबे भराभर खपले. डबे खपले तसे गेम बनवणारे धावत आले. चिसातो एकदा फ्रिजखाली उभी राहून म्हणाली, "आजी, वर्गात आता पुष्कळ जणांकडे आलाय. पण गोगलगायीचा शेवटचा डोंगर कुणालाच येत नाही. मला येतो. सगळ्या माझ्याकडे विचारायला येतात. तीन जणींना इथे घेऊन येऊ?"

इकुयोच्या उलथण्याचा आवाज थांबला. 

मग ऑगस्टचं ऊन होळीसारखं पेटलं. अशा उकाड्यात तापलेल्या तव्यासमोर कोण येऊन बसणार? स्टुलं रिकामी, आणि रिकामी खानावळ बाहेरून दिसली की येणाराही पुढे जायचा. चिरलेला कोबी सुकायला लागला. शेवटी इकुयोनं दाराबाहेर पाटी लावली, धिरडी अर्ध्या किमतीत. ती लावताना पुटपुटली, "आधी माणसं तर बसू देत." बिअरचा भाव तोच ठेवला.

खानावळ फुलली. कापडातून मला नुसता कल्ला ऐकू येत होता. आणि त्या कल्ल्यात हिगाशिनोचा भोंगा.

"मावशी, हा कुठला न्याय? काल मी पुरे पैसे मोजून खाल्लं! माझे अर्धे परत करा!"

"कसले परत?" इकुयो धिरडं उलटता उलटता म्हणाली. "काल भूक लागली होती ना? काल खाल्लंस ना? पोट भरलं ना? कालच्या भुकेचे पैसे काल दिलेस. आज आलाय मागायला!"

सगळे खो खो हसले.

"पण अर्ध्यात तुम्हाला परवडतं कसं?"

"अरे, धिरड्यात कुठे काय सुटतं? एकदा माणूस बसला की बिअर..."

आणि ती थांबली. वाक्य तिथेच तुटलं. धिरडं चर्र करत राहिलं. मला दिसत नव्हतं, पण तिची नजर वर फ्रिजकडे वळली होती हे मला कापडातून जाणवलं. टायवाला माणूस चहा पिता पिता जे बोलला होता, तेच ती बोलून बसली होती. आणि कालच्या भुकेचं म्हणाल, तर मला घेतलं त्या दिवशी ती कुणाला लागली होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"मावशी, करपतंय!" कुणीतरी ओरडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला खाली काढलं. चिसातोनं धावत येऊन मला जोडलं. मी चालू झालो आणि असा काही घरघरलो की दोघी मागे सरकल्या. पंख्यात तेल, जाळीत धूळ, पोटात सॉस. पडद्यावरची गोगलगाय दोनदा थरथरली आणि काळोख झाला.

"मेला का गं?" चिसातोनं विचारलं.

"काही मरत नाही. साफ करायला पाहिजे." इकुयोनं जाळीवरून बोट फिरवून तेल पाहिलं. मग माझ्याकडेच बघून म्हणाली, "दुसरं कोण करणार! त्या चष्मेवाल्याकडेच जावं लागणार."

गोंदांच्या काचेवर "दुकान बंद होत आहे" असं लिहिलं होतं. आत माझे भाऊबंद भिंतीसारखे रचलेले. गोंदा स्टुलावर बसले होते, आणखी वाळलेले. इकुयोनं मला समोर ठेवलं.

"पंखा वाजतोय."

त्यांनी मान वर केली नाही. मला उघडलं, कुंचल्यानं जाळी झाडली, पंख्याच्या एकेका पात्यावरचं तेल पुसलं. कारखान्यातल्या त्या बाईनंतर इतक्या हळुवार हातांनी मला कुणी धरलं नव्हतं. चिसातो दारात उभी होती. माझी नुसती तगमग होत होती.

"झालं," ते शेवटी म्हणाले.

"किती?"

"काय द्यायचं ते दे. नाहीतर राहू दे."

इकुयो एकदम भडकली. "राहू दे? राहू दे म्हणजे काय? मी काय भीक मागायला आलेय? दुकानदार आहेस ना? भाव सांग!"

गोंदांनी तिच्याकडे पाहिलं. "तीन हजार."

"महाग!"

मित्रांनो, माझी तार काढलेली होती, तरी शपथेवर सांगतो, माझा पंखा हलला. माझ्यावर घासाघीस! शेवटी एकदाची!

"महाग काय! सॉस उपसता उपसता हात दुखले माझे."

"हात कसले दुखतात? सगळा वेळ चष्मा शोधण्यात गेला. कपाळावर आहे तो."

त्यांनी चष्मा खाली ओढला. "अडीच."

"हजार."

"इकुयो, दुकान बुडालंय माझं. जरा तरी..."

"एवढे डबे भरायला सांगितलं कुणी होतं तुला?"

"तूच."

"मी?"

"तू!" गोंदांचा आवाज चढला. "पहिल्या दिवशी भाव न करता घेतलास. आयुष्यात पहिल्यांदा! मला वाटलं, इकुयो तोंडातून शब्द न काढता पुरे पैसे मोजते, म्हणजे हा माल सोन्याचा आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन भिंतभर डबे उचलले. कंपनीच्या माणसावर कोण विश्वास ठेवतो? मी तुझ्यावर ठेवला."

इकुयोनं हातातली पिशवी खाली ठेवली. तिनं त्या भिंतीकडे पाहिलं, मग दारातल्या पोरीकडे. डोळे भरून आले तिचे, आणि ते तिनं लपवलेही नाहीत.

"मूर्खा," ती म्हणाली, "ते पैसे डब्याचे नव्हतेच रे. पोरगी एकटी पडली होती. दर उतरायची वाट बघायला वेळ कुठे होता तिच्याकडे?"

गोंदांनी माझ्या पाठीवरून फडकं फिरवलं.

"हजार," इकुयो नाक पुसत म्हणाली.

"दोन."

तिनं पिशवी उचलली, मला तिथेच ठेवलं आणि दाराकडे चालायला लागली. तोच जुना खेळ. पण आज ती सावकाश चालत होती. दिव्यांची फळी आली, मागे पडली. पंखे मागे पडले. गोंदा बोलेनात. ते माझ्याकडे बघत बसले होते, हात माझ्या पाठीवर. मला ओरडावंसं वाटत होतं, अहो, थांबवा तिला! आज बाहेर गेली तर ती परत येणार नाही आणि तुम्ही नागोयाहून परत येणार नाही! पण तोंड कुठून आणू? इकुयो उंबरठ्यापाशी आली. वळली नाही. तिनं पाय उचलला.

"अगं थांब!"

गोंदा स्टुलावरून उठले होते. "दीड हजार. आणि उद्या दुपारचं जेवण."

इकुयो तशीच, एक पाय उचललेली, दाराकडे तोंड करून म्हणाली, "जेवणाचे पैसे पडतील."

"अर्धे. पाटी लावलीस म्हणे."

"तुला पुरे. पाच येन कमी."

चिसातो हसली, आणि मग ती दोघंही हसायला लागली. निघताना गोंदांनी खालून एक कॅलेंडर काढलं आणि माझ्या पिशवीत घातलं. इकुयोनं ते उलटसुलट करून पाहिलं.

"अरे, अर्ध्याहून जास्त वर्ष सरलं की!"

"म्हणून तर फुकट!"

गोंदांचं दुकान शेवटी बंद झालंच, मित्रांनो. तेवढा मार त्या छोट्या दुकानाला पेलवला नाही. पण ते नागोयाला गेले नाहीत. खानावळीच्या कोपऱ्यात, त्यांच्या स्टुलाशेजारी, त्यांनी एक लहानसं टेबल टाकलं आणि गल्लीतले पंखे, रेडिओ दुरुस्त करायला लागले. रोज दुपारी जेवण, रोज पाच येनांवरून भांडण.

आता मी म्हातारा झालो. माझ्यानंतर किती तरी नवे डबे आले. तेही महाग आले, पडले, स्वस्त झाले. जुन्या बाजारात माझे आज एका धिरड्याइतकेही येणार नाहीत. चिसातो मोठी झाली, कोबेला नोकरी करते. सुट्टीला आली की मला लावते आणि गोगलगायीला डोंगरावर नेते. एरवी मी तव्यापासून दूर, एका फळीवर असतो. तरी कुणी नवं गिऱ्हाईक माझ्याकडे बोट दाखवून विचारतंच, "मावशी, केवढ्याला घेतला होता हो?"

मी सावरून बसतो. अजूनही दरवेळी सावरून बसतो.

"चाळीस हजार!" इकुयो सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. "पुरे! पहिल्याच दिवशी!"

"आणि दुरुस्तीचे दीड हजार," कोपऱ्यातून आवाज येतो. "त्यातले अजून पाचशे यायचेत."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा एखादा डबा असेल तर त्याला गरम जागी कोंडू नका. त्याच्या जाळीवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा, आम्ही घरघरतो ते हौसेनं नाही. आमची किंमत उतरते, ती उतरणारच. तेव्हा ज्यानं विकलं त्याच्यावर चिडायच्या आधी त्याला एकदा नीट विचारा. आणि कुणी रागावून तुमच्या उंबरठ्यापर्यंत गेलं असेल, तर त्याचा पाय बाहेर पडायच्या आत हाक मारा. त्या दिवशी गोंदांनी जेवढा वेळ लावला, तेवढा लावू नका. माझा पंखा त्या आठवणीनं अजून धडधडतो.